उपसा परवाना विकत घेताय? आधी मीटरची वही बघा

इंग्लंडमध्ये नदीतून किंवा बोअरमधून दिवसाला 20 घनमीटरपेक्षा जास्त पाणी उपसायचं तर एन्व्हायर्नमेंट एजन्सीचा परवाना लागतो. पूर्वेकडच्या बऱ्याच खोऱ्यांत उन्हाळ्यासाठी नवं पाणी मिळत नाही, म्हणून बटाटा पिकवणारा शेतकरी शेजाऱ्याच्या परवान्यातला हिस्सा विकत मागतो. विकणाऱ्याने आपला परवाना कमी करून घ्यायचा, घेणाऱ्याने नवा किंवा वाढीव मागायचा, आणि दोन्ही अर्ज एकत्रच टाकायचे.

गाडी अडते ती आकड्यावर. समजा, विकणाऱ्याच्या परवान्यावर वर्षाला 60,000 घनमीटर आहेत, पण गेल्या काही वर्षांत त्याने 35,000 च्या वर कधी उचललेलं नाही. राहिलेले 25,000 आजवर नदीतच वाहत होते. तेच विकू दिले तर नदीतून तेवढं पाणी नव्याने कमी होणार. ताण असलेल्या खोऱ्यात एजन्सी म्हणूनच प्रत्यक्ष उपसा बघते, आणि न वापरलेल्या पाण्याचा सौदा बहुधा तिथेच मोडतो. तेव्हा भावाची बोलणी सुरू करण्याआधी विकणाऱ्याने एजन्सीकडे भरलेली वार्षिक उपसा-विवरणं त्याच्याकडून मागा. सलग 4 वर्षं न वापरलेला परवाना तर भरपाई न देता रद्द होऊ शकतो. (आपल्याकडच्या 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यातही पाण्याचा हक्क वार्षिक किंवा हंगामी तत्त्वावर विकायची तरतूद आहे. मोजणी नसेल तर विकणार काय?)

वार्षिक आकडा जुळला तरी ताशी आणि रोजची मर्यादा वेगळी असते. 10 हेक्टरला 25 मिलिमीटर पाणी द्यायचं म्हणजे 2,500 घनमीटर. रोजची मर्यादा 1,200 असेल तर एका पाळीला दोन दिवसांहून जास्त लागतील, आणि 40 हेक्टर असतील तर पहिल्या वाफ्यावर परत यायला आठवडा उलटेल.

जागाही बघावी लागते. विकणारा खाली आणि तुम्ही वरच्या अंगाला असाल, तर मधल्या पट्ट्यातलं पाणी घटतं, म्हणून अशा सौद्याला नकार मिळण्याची शक्यता जास्त. शिवाय नव्या परवान्यात ‘नदीचा प्रवाह अमुक पातळीखाली गेला की पंप बंद’ ही अट घातली जाऊ शकते. विकणाऱ्याच्या जुन्या परवान्यात ती नसली तरी. त्याचा परवाना कायमचा असला तरी तुमचा मुदतीचाच, साधारण 12 वर्षांचा किंवा त्या खोऱ्याच्या ठरलेल्या तारखेपर्यंतचा. कायमच्या परवान्याच्या भावात मुदतीचा घेऊ नका.

अर्जाची जाहिरात द्यावी लागली तर हरकतींसाठी 28 दिवस जातात, आणि छाननी त्याशिवाय. मार्चमध्ये धावपळ केलीत तर यंदाचा हंगाम गेलाच समजा. शरद ऋतूत सुरुवात करा. करारात इसार थोडाच ठेवा, आणि उरलेली रक्कम परवाना हातात पडल्यावर देण्याचं कलम घाला. एजन्सीने मागितल्यापेक्षा कमी पाणी मंजूर केलं तर पैसे त्या प्रमाणात कमी होतील, हेही त्याच कलमात लिहून घ्या.