लुटुपुटूची मारामारी

मी परिविक्षा अधिकारी आहे. विधिसंघर्षग्रस्त, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या, बालकाला बाल न्याय मंडळापुढे आणलं की त्याचा सामाजिक तपासणी अहवाल १५ दिवसांत द्यावा लागतो. २०१५च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ मुळे मुलाची ओळख उघड करता येत नाही, म्हणून नाव-गाव लिहीत नाही.

तो सोळा वर्षांचा. गॅरेजमध्ये कामाला. बरोबरच्या पोराने चेष्टेत मागून टपली मारली आणि याने हातातला पाना त्याच्या डोक्यात घातला. सात टाके पडले. “त्यानं मारलं, मी मारलं,” याच्यापुढे तो बोलायचाच नाही.

अहवालात सवयींचा भाग असतो, त्यात खेळांबद्दलही विचारावं लागतं. खरं सांगते, कित्येक वर्षं मी तिथे ‘क्रिकेट’ लिहून पुढे जात होते. याला विचारलं, “लहानपणी काय खेळायचास?” तो गप्प. मग म्हणाला, “बहीण होती ना.” आईबाप ऊसतोडीला. दिवाळी सरली की कोयत्याबरोबर बिऱ्हाड हलायचं. पहाटे आईबाप फडात गेले की सात वर्षांचा हा कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत, तान्ह्या बहिणीला कडेवर घेऊन बसायचा. गावात पोरं खेळायची त्या पाच-सहा महिन्यांत हा गावात नसायचा, आणि परत आला की कुणाच्या गड्यांमध्ये नसायचा.

त्या दुपारी, अशा मुलांना चौकशीच्या काळात ठेवतात त्या निरीक्षणगृहाच्या अंगणात पोरांनी फुटक्या फरश्यांची लगोरी रचली होती. मी व्हरांड्यात कागद लिहीत होते. तिथे मुलांकडे पाहणाऱ्या काकांनी त्यालाही बळंच खेळायला लावलं. लगोरी फुटली, पळापळ झाली, आणि चेंडू सप्पकन त्याच्या पाठीत बसला. क्षणात त्याने चेंडू मारणाऱ्याची कॉलर धरली, मूठ वर. तो पोरगा जेमतेम तेरा वर्षांचा. घाबरला नाही, चकित झाला. “अरे, आउट झालास फक्त!”

मूठ तशीच वर राहिली. त्याचा चेहरा मला समोरून दिसत होता. राग नव्हता त्यावर. शाळेत न शिकवलेलं गणित फळ्यावर दिसल्यावर मुलं पाहतात तसा तो पाहत होता.

मला त्या क्षणी पाना आठवला. टपली आणि मार यांतला फरक कुणी पुस्तकातून शिकत नाही. चार-पाच वर्षांची पोरं लुटुपुटूची मारामारी करतात, एखाद्याला जोरात लागतं, तो रडतो, खेळ मोडतो. खेळ पुन्हा सुरू व्हावा म्हणून दुसऱ्या वेळी हात आपोआप हलका पडतो. रडीचा डाव खेळणाऱ्याला गडी घेत नाहीत, म्हणून हरणंही जमायला लागतं. याच्या वाट्याला यातलं काहीच आलं नव्हतं.

अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या इप्सिलँटी गावात १९६२ साली १२३ गरीब मुलांचा अभ्यास सुरू झाला. काहींना बालवाडी मिळाली. तिथे मुलं काय खेळायचं ते स्वतः ठरवत, खेळत आणि नंतर त्याबद्दल बोलत. शिवाय बाई दर आठवड्याला घरी जात. चाळिशीपर्यंत पाच किंवा जास्त वेळा अटक झालेले बालवाडीतले ३६ टक्के होते, इतरांतले ५५. सगळं श्रेय खेळाला देता येणार नाही. पण आपल्याकडे मैदानावर इमारत उठते तेव्हा हे आकडे मला छळतात.

काका म्हणाले, “चल, कच्चा लिंबू म्हणून खेळ.” सोळा वर्षांच्या पोराला! मला वाटलं, आता चिडणार. त्याने विचारलं, “म्हणजे काय?” तेरा वर्षांच्या त्याच पोराने समजावलं: “तू आउट झालास तरी चालतं. शिकेपर्यंत.” तो खेळला, अंधार पडेपर्यंत.

अहवालात मी हे सगळं लिहिलं, पानावर जागा पुरेना म्हणून मागे आणखी एक पान जोडलं. मंडळाने त्याला जामीन दिला, समुपदेशन लावलं. जाताना त्याने एकच सांगितलं, “मॅडम, बहिणीला यंदा फडावर नेऊ देऊ नका.”

ती आता नऊ वर्षांची आहे, गावच्या हंगामी वसतिगृहात राहते. मी फोन करते तेव्हा तिथल्या ताईंना हजेरीच्या आधी विचारते, संध्याकाळी पोरी बाहेर खेळतात ना?