एक्केचाळिसावा दिवस

सिगारेट सोडून आज ४१ दिवस झाले, आणि आजचा दिवस सर्वांत अवघड गेला. दुपारी टपरीवर चहा घेत असताना खांबाला दोरीने टांगलेल्या लायटरकडे हात आपोआप गेला. २२ वर्षांची सवय बोटांत मुरलेली असते, ती डोक्याला विचारत नाही. धुरावाटे घेतलेले निकोटिन काही सेकंदांतच मेंदूपर्यंत पोहोचते आणि सुमारे दोन तासांत रक्तातले त्याचे प्रमाण निम्म्यावर येते. दर दोन तासांनी "जरा खाली जाऊन येतो" असे मी का म्हणत असे, ते आता उमगते.

संध्याकाळी पुतण्याने, मला मदत म्हणून, पेनड्राइव्हएवढे एक व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, पुढे केले. "काका, यात धूर नाही, नुसती वाफ आहे." त्याला हापूसचा वास येत होता. ज्याच्या विक्रीवर २०१९ पासून देशभर बंदी आहे, ती वस्तू १९ वर्षांच्या मुलाच्या खिशातून इतक्या सहज निघावी, याचा मला धक्का बसला. यात सिगारेटच्या धुरातले डांबर (टार) नसले तरी निकोटिन तेच, हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढवणारे. शिवाय पंचविशीपर्यंत घडत राहणाऱ्या मेंदूला त्याची चटक लवकर लागते. हे सांगताना माझा आवाज उगाचच चढला, कारण त्याने पहिली सिगारेट पाहिली ती माझ्याच हातात.

तंबाखू सोडण्यासाठीच्या राष्ट्रीय मदतवाहिनीचा १८००-११२-३५६ हा क्रमांक मी त्याच्या फोनमध्ये टाकून दिला. व्हेप मात्र त्याने परत खिशात ठेवले.