कासला गेलात तर पंदही बघा

शनिवार-रविवारी कासला जाणं म्हणजे फुलांपेक्षा माणसं बघणं, म्हणून मंगळवार धरला. साताऱ्यातून यवतेश्वरचा घाट चढायचा, पंचवीसेक किलोमीटरवर पठार. भुरभुर चालूच होती. सगळे तेरड्याच्या गुलाबी पट्ट्याकडे वळले. मी आले होते पंद नावाच्या रानफुलासाठी.

गवतातून वर आलेले पांढरे झुबके. लांबून वाटावं, कुणाच्या वाफ्यातली कोथिंबीर फुलावर आलीय. नातं आहेच म्हणा; धने, ओवा, बडीशेप, गाजर यांच्याच कुळातलं हे झाड. वाकून बघितलं तर एकाच ठिकाणाहून बारीक देठ फुटलेले आणि प्रत्येकाच्या टोकाला पुन्हा तसाच छोटा झुबका. कडेच्या फुलांची बाहेरची पाकळी चांगली मोठी, टोकाशी दुभंगलेली. मधल्या फुलांच्या मात्र सगळ्याच नखाएवढ्याही नाहीत. त्यावर माश्यांची आणि भुंगेऱ्यांची ही गर्दी!

शास्त्रीय नाव पिंडा कोंकणेन्सिस. पूर्वी हेराक्लियम या प्रजातीत (जीनसमध्ये) धरायचे, १९८६ मध्ये वेगळी प्रजाती केली. पश्चिम घाट सोडला तर जगात कुठेच नाही.

पठार सांभाळणाऱ्या समितीचे एक मामा शेजारी येऊन उभे राहिले. म्हणाले, "ताई, ह्याला कोन बघतंय? ह्याच्यावर पाय दिऊन फोटू काढत्यात. मागं तेरडा यायला पायजे ना!"

खरंच होतं. वाट सोडून आत गेलेल्या पावलांनी चिखलाचा पट्टा पडला होता आणि त्यात तीन-चार पंद आडवे. जांभ्या दगडावर मातीचा थर जेमतेम बोटभर. ओली माती तुडवली की घट्ट बसते, मग बी रुजणार कुठे? २०१२ मध्ये जागतिक वारशात नाव गेलं आणि गाड्यांची रीघ लागली. मग पठाराला कुंपण घातलं होतं, ते मात्र मामांना पटलेलं नव्हतं. गुरं चरायची थांबली तेव्हा गवत माजलं आणि फुलं दबली, असं त्यांचं म्हणणं. मला त्यात तथ्य वाटतं. पठार काही गुरांनी बिघडवलेलं नाही.

तिकडे चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांसाठी रस्तेच खोदले. तिथे तुडवण्याचा प्रश्न नाही, सडाच, म्हणजे कातळाचं पठारच, फुटलाय.

जायचं तर ऑगस्टअखेर ते सप्टेंबर. सोनकीच्या पिवळ्या बहरासाठी उशिरा येणाऱ्यांना पंदाची फळंच दिसतील, चपटी. रेनकोट घ्या, छत्री वाऱ्यात टिकत नाही. आणि वाट सोडू नका, मामा ओरडतात.