वेणी, दोर आणि दोन चाकू

त्या दिवशी माझ्याकडे दोन चाकू होते आणि दोन्ही कामाला आले नाहीत.

सप्टेंबरातला शनिवार. नाणेघाटाच्या परिसरात एका ओढ्याच्या कडेला साधारण ८० फुटांचा कातळ आहे. पाऊस ओसरायला लागला की आम्ही तिथे कॉलेजच्या मुलांना रॅपलिंग, म्हणजे दोरावरून कडा उतरणं, शिकवतो. त्या दिवशी २२ मुलं होती. वर दोर जिथे बांधलेले असतात त्या अँकरपाशी मी आणि एक सहकारी, बिलेवर, म्हणजे उतरणाऱ्याला वरून धरून ठेवणाऱ्या दुसऱ्या दोरावर, तिसरा, खाली दोघं. शिवाय गावातले मामा. दर वर्षी वाढलेली घाणेरी तोडून ते आमची वाट मोकळी करतात आणि दुपारी घरून पिठलं-भाकरी घेऊन येतात. त्यांच्या कमरेला कोयता असतोच.

अकराव्या क्रमांकाची मुलगी उतरायला लागली. तीसेक फूट गेली आणि थांबली. ओरडली नाही. पाण्याच्या आवाजात तिचं बारीकसं ‘ताई’ ऐकू आलं तेव्हा मी वाकून पाहिलं. तिची मान वाकडी झाली होती आणि गाल डिसेंडरला जवळजवळ टेकला होता. वेणी हेल्मेटखालून सुटून आत गेली होती.

ज्यांनी हे कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. डिसेंडर म्हणजे इंग्रजी आठच्या आकड्यासारखं धातूचं कडं, आम्ही त्याला ‘एट’च म्हणतो. त्यातून वळसा घेऊन दोर सरकतो आणि त्या घर्षणावर माणूस हळूहळू उतरतो. पण दोरासोबत जे जवळ येईल ते एट आत ओढून घेतं. टी-शर्टची कड, हेल्मेटचा पट्टा, ओढणी, केस. एकदा अडकलं की अंगाचं सगळं वजन दोर आणि धातूच्या मध्ये त्या वस्तूला चिमटून धरतं. जितकं हलाल तितकं आत जातं.

वेणी शर्टाच्या आत खोचायला मीच सांगितलं होतं. कड्यावरून सोडताना पुन्हा हात लावून पाहायचं राहिलं. ती चूक माझी होती.

मी दुसऱ्या दोरावरून तिच्या शेजारी उतरले, माझं एट दोर गुंडाळून बंद केलं आणि दोन्ही हात मोकळे केले. तिच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, “बाळा, तू पडणार नाहीस, बिलेचा दोर तुला वरून धरून आहे. फक्त मान हलवू नकोस.” आणि खिशातून चाकू काढला.

तो लाकडी मुठीचा घडीचा चाकू मी फार हौसेने घेतला होता. पातं पातळ, धार सुरेख, पेरू कापायला त्याच्यासारखा दुसरा नाही. पण सकाळपासून तो माझ्याबरोबर पाण्याच्या तुषारांत भिजत होता. मुठीचं लाकूड फुगलं होतं आणि पातं खाचेत घट्ट बसलं होतं. ते उघडायला नख अडकवावं लागतं आणि दोन्ही हात लागतात. ओल्या, सुन्न बोटांनी मी दोनदा प्रयत्न केला. पातं तसूभरही हललं नाही.

ते उघडलं नाही हे बरं झालं, असं मला आज वाटतं. आम्ही वापरतो तो साडेदहा मिलिमीटरचा दोर २,२०० किलोंहून जास्त ओढ सहन करतो, म्हणून मुलांना तो अभेद्य वाटतो. पण ताणलेल्या दोराला धार नुसती लागली तरी तो कापला जातो. सैल दोर कापायला करवतीसारखं घासावं लागतं, ताणलेला दोर स्वतःच पात्यावर तुटत जातो. तिच्या कानशिलापासून चार बोटांवर तसे दोन दोर होते, एक उतरायचा आणि एक बिलेचा. त्या जागेत अणकुचीदार टोकाचा चाकू फिरवायचा, तोही समोरची पोरगी थरथरत असताना.

दुसरा चाकू वर सॅकमध्ये होता. सात इंची पात्याचा, जाड, दुकानदाराने ‘जंगलासाठी हाच’ म्हणून दिलेला. तो मागवावा असं मनातही आलं नाही. एवढ्यात वरून मामांचा आवाज आला, “ताई, कोयता सोडू का खाली दोरीला बांधून?” त्यांचा जीव कासावीस झाला होता. मी वर न बघता ओरडले, “नको मामा, धारेचं काहीच नको!”

मग जे आधीच करायला हवं होतं ते केलं. तिच्या दोरावर, एटच्या वर, बारीक दोरीची प्रुसिक गाठ मारली. ही गाठ वजन आलं की दोराला आवळते आणि वजन काढलं की सरकते. त्या गाठीला लांब स्लिंग, म्हणजे शिवलेल्या पट्टीचं कडं, अडकवून पायासाठी फास केला. “उजवा पाय इथे ठेव आणि जिन्याची पायरी चढतेस तशी उभी राहा.” ती उभी राहिली. त्याच क्षणी बिलेवरच्या सहकाऱ्याने दोर ताणून घेतला आणि तिचं वजन एटवरून बिलेवर गेलं. एट सैल झालं. मी दोर उलटा सरकवत केस एकेक बोट बाहेर काढत गेले. शेवटी अंगठ्याएवढी बट अशी पिळली होती की सुटेना. प्रथमोपचाराच्या पेटीतली बोथट टोकाची कात्री सहकाऱ्याने पिशवीत घालून सोडली. दोन्ही दोर डाव्या तळहाताने पलीकडे दाबून धरले आणि ती बट कापली. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटं झाली असतील. खाली पोचल्यावर तिने आधी पाणी मागितलं आणि मग आईला फोन करायचं म्हणाली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढचे काही महिने मी चाकूंचाच विचार करत होते. आधी मी ते देखणेपणा पाहून घेतले होते, आता काम पाहून घ्यायचे होते. जोडी हवी यात शंका नव्हती, कारण दोराजवळचं काम आणि मुक्कामावरचं काम एका पात्यात बसत नाही.

दोराचा चाकू आता हार्नेसच्या, म्हणजे कमरेला आणि मांड्यांना बांधायच्या पट्ट्याच्या, डाव्या बाजूला असतो. पातं जेमतेम तीन इंचांचं, टोक बोथट, अर्धी धार साधी आणि अर्धी करवतीच्या दातांची, कारण दोर आणि पट्टे दातांनी लवकर कापले जातात. मुठीला भोक आहे, त्यातून दोरी ओवून तो हार्नेसला बांधलेला असतो, म्हणजे हातातून निसटला तरी खालच्या माणसावर पडत नाही. एका हाताने उघडतो, डाव्या हातानेही. पोलाद न गंजणारं, मूठ प्लास्टिकची. दिसायला अगदी साधा आहे. त्याने मी फळ कापत नाही, कुणाला उसनाही देत नाही.

मुक्कामाचा चाकू मात्र मी लोहाराकडून करून घेतला. मामाच मला आठवडी बाजारात त्यांच्या ओळखीच्या लोहाराकडे घेऊन गेले. तो ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यांचे कोयते करतो. मी आठ इंची पातं मागितलं तर त्याने विचारलं, “ताई, तोडायचं काय तुम्हाला?” मी गप्प झाले. कांदे, दोरीचे तुकडे, चूल पेटवायला वाळक्या काटकीच्या सालपट्या, एवढंच. जिवंत झाड आम्ही तोडत नाही, तोडूही नये, आणि वाट मोकळी करायला मामांचा हात आणि मामांचा कोयता आहे. ते काम चाळीस वर्षं करणाऱ्या माणसाचं आहे, माझं नाही. शेवटी चार इंचांचं पातं ठरलं. पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं, बाभळीची मूठ, बोट पुढे घसरू नये म्हणून खाली छोटा उंचवटा. पाणी पाजल्यावर त्याने पात्यावरून कानस ओढून दाखवली, ती निसटली, म्हणजे पोलाद कडक झालं होतं. हे पोलाद गंजतं, म्हणून प्रत्येक वापरानंतर पुसून खोबरेल तेलाचा हात फिरवावा लागतो. ते मला आवडतं.

दुकानदार सांगत नाहीत म्हणून इथे लिहिते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शस्त्राच्या व्याख्येत चाकूसुद्धा येतो, आणि अभयारण्यात शस्त्र न्यायला लेखी पूर्वपरवानगी लागते. आपले कितीतरी लाडके गड आणि घाटवाटा कळसूबाई-हरिश्चंद्रगड किंवा भीमाशंकर अभयारण्यात आहेत. तिथे जाताना मी आधी वनखात्याला विचारते, आणि नाही म्हणाले तर चाकू घरी ठेवते. अभयारण्याबाहेरही ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पातं, ते घरकामाचं किंवा शेतीचं नसेल तर, शस्त्र कायद्याच्या कक्षेत येऊ शकतं. आपल्या डोंगरांत एवढ्या मोठ्या चाकूचं काही काम नाही.

आता प्रत्येक शिबिरात, पहिला माणूस कड्यावर जायच्या आधी, मी बाद झालेल्या दोराचा एक तुकडा झाडाला बांधते आणि त्याला दगड भरलेली सॅक टांगते. मुलांना जवळ बोलावते आणि हार्नेसचा तो लहान चाकू दोराला नुसता टेकवते. सॅक धप्पकन खाली पडते. कुणी काही बोलत नाही. मग मी एकेकाचं हेल्मेट, पट्टा, शर्टाची कड आणि वेणी माझ्या हाताने तपासते.