तुम्ही विचारलंत म्हणून: हुशार मुलाने हा विषय कशाला घ्यायचा?

अकरावी-बारावीला मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, म्हणजे बराच वेळ लॅबमध्येच, मुलांच्या हातात सोल्डरिंग आयर्न (धातू वितळवून पार्ट जोडायचं तापतं हत्यार) देऊन. आणि दर ॲडमिशनला कोणी ना कोणी विचारतंच, मॅडम, मुलगा हुशार आहे हो, मग त्याने हा विषय कशाला घ्यायचा? विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, माहितीये मला. पण हाताचं काम म्हणजे ज्यांना अभ्यास झेपत नाही त्यांची सोय, हे त्यात धरूनच चाललेलं असतं ना, ते ऐकून ऐकून आता खरंच वीट आलाय, म्हणून एकदा नीट लिहिते.

हाताच्या कामातून शिकवणं हे काही आजचं खूळ नाही. फिनलंडने १८६६ मध्येच शाळांमध्ये हस्तकाम सक्तीचं केलं होतं, आणि १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी तर शिक्षणच हस्तोद्योगातून द्यायचं म्हटलं. ती मांडणी लहान मुलांसाठी होती, मान्य. पण सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना त्याची जास्त गरज असते असं मला वाटतं, कारण तोवर त्यांना बरोबर उत्तर पुस्तकाच्या शेवटच्या पानावर शोधायची पक्की सवय लागलेली असते.

एका प्रॅक्टिकल परीक्षेचं सांगते. साधा पॉवर सप्लाय होता, म्हणजे एसीचं डीसी करणारं सर्किट: ९ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या चार डायोडचा ब्रिज, व्होल्टेज वरच्या टोकाजवळ धरून ठेवणारा फिल्टरचा कपॅसिटर आणि पुढे लोड म्हणून एक रेझिस्टर. हिशोब सगळ्यांना पाठ असतो, ९ गुणिले १.४१ म्हणजे एसीचं वरचं टोक १२.७, त्यातून दोन डायोडचे १.४ वजा, उरले ११.३. मीटरवर थोडं इकडेतिकडे दिसतं, पण ११ च्या आसपास यायला हवं. एका मुलाला आलं ६.८. त्याने पुन्हा मोजलं, मीटर बदलून मोजलं, तेच. बाजूच्या टेबलावरच्या मुलीने मीटरला हात न लावता ११.३ लिहून पेपर दिला (ती खोटारडी नव्हती, तिला तसंच शिकवलं गेलं होतं, की जर्नलमध्ये पुस्तकाशी जुळणारा आकडा लिहायचा). याने ६.८ लिहिलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्यावर लाल रेघ मारली, रीडिंग चुकलं म्हणून मार्क कापले, आणि तिला पूर्ण दिले.

मी बोलले परीक्षकांशी. ते म्हणाले, एवढ्या मुलांचं एकेक सर्किट बघत बसलो तर रात्र होईल. खोटं नव्हतं ते.

मुलगा मात्र गेला नाही. सर्किटचा बोर्ड घेऊन बसला आणि थोड्या वेळाने म्हणाला, मॅडम, कपॅसिटर नसेलच तर सरासरी किती येईल? हिशोबही त्यानेच केला, ९ च्या ०.९ पट म्हणजे ८.१, त्यातून डायोडचे गेले की पावणेसातच्या आसपास. त्याने बोर्ड उलटा केला, कपॅसिटरच्या पायाभोवती सोल्डर चकचकीत नव्हतं, राखाडी होतं आणि पायाच्या कडेने गोल बारीक चीर होती. ड्राय जॉइंट. वरून जोडलेला दिसत होता, पण तो कपॅसिटर सर्किटमध्ये नव्हताच. म्हणजे त्याचं ६.८ चुकीचं नव्हतं, त्याच्या समोर जे सर्किट खरोखर होतं त्याचं ते अगदी बरोबर रीडिंग होतं! परत गरम करून सोल्डर दिलं तर ११ च्या वर आलं. मग त्याने विचारलं, "मॅडम, मी पण ११.३ च लिहायला हवं होतं का?"

मी नाही म्हणाले. आजही नाहीच म्हणेन. पण ज्याचे मार्क गेले त्याला हे सांगताना जीभ जड होते, आणि त्या मार्कांवर त्याची पुढची ॲडमिशन अडणार होती हे मला माहीत होतं.

आता हुशार मुलांचं. मी आधी तावातावाने म्हणायचे की हात चालला की डोकं आपोआप चालतं, थिअरी नंतर बघू. आता तसं म्हणवत नाही. त्या मुलाला सरासरीचा हिशोब येत नसता तर त्याने सगळा बोर्ड उपसला असता आणि जॉइंट सापडला असता तो नशिबाने. पण नुसता हिशोब येणाऱ्या मुलीला आपल्याला काही शोधायचंय हेच कळलं नाही. मग आधी काय शिकवायचं? माझं अजून ठरत नाहीये, वर्गागणिक बदलते मी.

आणि हो, एन्ट्रन्सच्या अभ्यासाचा वेळ जातो, जातोच. नाही कशाला म्हणू? काही ठिकाणी हा विषय फक्त सोपे मार्क म्हणून चालतो, सामान कपाटात कुलपात आणि मुलं जर्नल उतरवून काढतायत, हेही मी पाहिलंय, आणि तसं असेल तर खरंच घेऊ नका, त्यापेक्षा झोप काढलेली बरी. म्हणून मला विचारण्याआधी लॅब बघून या. एका मीटरमागे किती मुलं आहेत ते बघा, आयर्नची टोकं वापरून काळी झालीयेत की नवीकोरी आहेत ते बघा, आणि एखादं जर्नल उघडून सगळ्यांची रीडिंग दशांशापर्यंत सारखीच आहेत का तेवढं तपासा.