अंदमान, दिवाळीची सुट्टी आणि ‘पुढील उपलब्ध तारीख’

अंदमानला कधी जावे, असे आता कोणी विचारले की महिना सांगण्याआधी मीच उलट विचारतो: बेटावरून परतण्याची बोट आणि घरी परतण्याचे विमान यांच्यामध्ये तुम्ही किती रात्री ठेवल्या आहेत? आम्ही एकही ठेवली नव्हती. त्या न ठेवलेल्या रात्रीपायी स्वराज द्वीपावर, म्हणजे २०१८ पर्यंतच्या हॅवलॉकवर, एका खाजगी बोट कंपनीच्या खिडकीसमोर मला दोन दिवस काढावे लागले. त्याची चीड अजून पुरती उतरलेली नाही. त्यामुळे या लेखात त्या खिडकीने जरा जास्त जागा अडवली, तर वाचकांनी समजून घ्यावे.

आम्ही दोघेही नोकरी करणारे आणि मुलगी शाळेत, त्यामुळे आमच्या हाती दिवाळी, नाताळ आणि उन्हाळा अशा तीनच सुट्ट्या होत्या. नाताळ ते नववर्ष हा आठवडा आम्ही लगेच बाद केला, कारण त्या दिवसांत बेटांवर पाय ठेवायला जागा नसते. हौशी पर्यटकांत केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची भर पडते, कारण स्वग्रामाच्या एलटीसीऐवजी, म्हणजे मूळ गावी जाण्यासाठीच्या रजा प्रवास सवलतीऐवजी, अंदमानला विमानाने जाण्याची सवलत त्यांना मिळते आणि ती मुदत संपण्याआधी वापरून टाकायची असते. मे महिन्यावरही काट मारली. मोसमी पाऊस आपल्या देशात सर्वांत आधी अंदमानातच पोहोचतो, बहुधा मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, आणि त्याच्या आगेमागे वादळांचेही दिवस असतात. राहिली दिवाळी. पाऊस सरलेला, हवा धुतल्यासारखी स्वच्छ आणि नाताळाइतकी गर्दी नाही, असा आमचा हिशेब होता. तो आमच्या अंगणापुरता बरोबर होता. बंगालच्या उपसागरात मात्र ऑक्टोबर ते डिसेंबर हा चक्रीवादळांचा दुसरा हंगाम असतो. वारा फिरून ईशान्येकडून वाहू लागतो, समुद्राचे पाणी अजून कोमट असते आणि एकामागून एक कमी दाबाची क्षेत्रे तयार होत राहतात. डिसेंबर २०१६ मध्ये हॅवलॉक आणि नील या बेटांवर हजाराहून अधिक पर्यटक अडकून पडले होते आणि त्यांना आणायला नौदलाची जहाजे गेली होती. ही बातमी मी त्या वेळी वर्तमानपत्रात वाचली होती आणि चहाचा कप खाली ठेवताना विसरलोही होतो.

विमान, हॉटेल आणि जाण्याची बोट यांच्याविषयी लिहिण्यासारखे काहीच नाही. सगळे सुरळीत पार पडले. हॉटेल घेताना एक गोष्ट मात्र विचारायला हवी होती, ती म्हणजे ते बेटाच्या कोणत्या अंगाला आहे. राधानगरचा प्रसिद्ध किनारा पश्चिमेला आहे आणि विजयनगर, काला पत्थर हे भाग पूर्वेला. ईशान्येचा वारा पूर्वेच्या किनाऱ्यावर सरळ येऊन आदळतो, पण त्याच दिवशी राधानगरला पाणी बऱ्यापैकी निवांत असते. पावसाळ्यात नेमके याच्या उलट होते. आमची खोली पूर्वेला होती. खिडकीतून दिसणाऱ्या ज्या निळ्या पाण्याचे छायाचित्र पाहून आम्ही ती घेतली होती, तिथे तिन्ही दिवस शेवाळाचे पुंजके आणि गढूळ लाटा होत्या, आणि पोहण्यासाठी रोज रिक्षा करून बेटाच्या दुसऱ्या टोकाला जावे लागले.

तिसऱ्या संध्याकाळी जेवण वाढणारा मुलगा सहज म्हणाला, “तीन नंबर लग गया है.” कोकणच्या किनाऱ्याची माहिती असणाऱ्याला या वाक्याचा अर्थ सांगावा लागत नाही. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला, म्हणजे सोसाट्याच्या वाऱ्याचा बंदरालाच धोका आहे. मग लहान बोटी निघत नाहीत. आमची बोट दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठची होती आणि पोर्ट ब्लेअरहून विमान दुपारी सव्वाचे. (सप्टेंबर २०२४ पासून त्या शहराचे नाव श्रीविजयपुरम आहे, पण बेटावर बोलताना जुनेच नाव कानावर येते.) “बोट दीड तासात पोहोचते, तुम्हाला किनाऱ्यावर एक दिवस जास्त मिळेल,” असे सांगून आमच्या प्रवास दलालाने ही जोडणी करून दिली होती आणि मला ती मोठी हुशारीची वाटली होती.

सकाळी सात वाजता जेट्टीवर पोहोचलो तेव्हा पाणी तळ्यासारखे स्थिर होते. कंपनीच्या खिडकीशेजारच्या फळ्यावर खडूने लिहिले होते, ‘आज सभी सेवाएँ रद्द’. “पाणी तर शांत आहे,” असे मी म्हणालो. खिडकीतल्या तरुणाने मान वर न करता उत्तर दिले, “यहाँ नहीं साहब, बीच में देखिए.” त्याचे म्हणणे खरे होते. जेट्टी बेटाच्या आडोशाला आहे. खरा समुद्र तिथून पोर्ट ब्लेअरपर्यंतच्या उघड्या पट्ट्यात असतो. बोट रद्द केल्याबद्दल माझी आजही तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यानंतरच्या कारभाराची.

नऊच्या सुमारास भ्रमणध्वनीवर संदेश आला: ‘आपले तिकीट पुढील उपलब्ध तारखेस वर्ग करण्यात आले आहे.’ ती तारीख पाच दिवसांनंतरची होती. आम्हाला कोणी विचारले नव्हते, की आम्ही कशाला होकारही दिला नव्हता. मी खिडकीशी जाऊन म्हणालो की पाच दिवसांनी मला कामावर हजर असायचे आहे, तेव्हा पैसे परत द्या. कंपनीच्या नियमांत स्पष्ट लिहिले होते की हवामानामुळे बोट रद्द झाल्यास संपूर्ण परतावा मिळेल. तरुणाने नम्रपणे सांगितले की परतावा खिडकीवर मिळत नाही. संकेतस्थळावर जाऊन तिकीट रद्द करावे लागते. ते पान उघडले, तर तिथे एकच पर्याय होता, ‘प्रवाशाने स्वतःहून रद्द केले’, आणि त्याखाली कापल्या जाणाऱ्या रकमेचा तक्ता. मी पुन्हा खिडकीशी गेलो. “बोट तुम्ही रद्द केली आहे, मी नाही,” असे मी म्हणालो. त्याने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवून दाखवला. जे तिकीट रद्द झाले होते ते संगणकाच्या दृष्टीने आता अस्तित्वातच नव्हते, आणि जे अस्तित्वात होते त्याची बोट रद्द झालेली नव्हती.

यातून बाहेर पडण्याचा मार्ग म्हणजे एक तक्रार अर्ज होता. तो भरताना भ्रमणध्वनीवर ओटीपी यायला हवा. ऑगस्ट २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल आल्यापासून अंदमानात इंटरनेट पुष्कळ सुधारले आहे, परंतु त्या सकाळी भर पावसात जेट्टीवर ओटीपी दर वेळी मुदत संपल्यावरच येत होता. मी तो अर्ज सहा वेळा भरला. सातव्या वेळी ओटीपी वेळेवर आला आणि पुढच्याच पानावर ‘सेवा रद्द झाल्याचा दाखला जोडा’ अशी मागणी आली. विमान कंपनीनेही तोवर तोच दाखला मागितला होता. तो मिळाला तर तिकिटाची तारीख बदलण्याचा विचार करू, असे त्यांनी कळवले. मी दाखला मागितला तेव्हा खिडकीतला तरुण म्हणाला की तो पोर्ट ब्लेअरच्या कार्यालयातून मिळतो. पोर्ट ब्लेअरला जाता येत नाही म्हणूनच तर मला दाखला हवा आहे, हे मी त्याला तीन प्रकारे समजावून सांगितले. तिसऱ्या वेळी त्याला हसू आले आणि मग मलाही आले. पण दाखला काही आला नाही.

दुसरा दिवसही तसाच उजाडला. रांगेतल्या एका गृहस्थांनी सुचवले की फळ्याचे छायाचित्र काढावे आणि तारखेचा पुरावा म्हणून शेजारी त्या दिवसाचे वर्तमानपत्र धरावे. कल्पना उत्तम होती, परंतु वर्तमानपत्र बोटीने येते. शेवटी मी खिडकीतल्या तरुणाला निदान फळ्यावर तारीख तरी घालावी अशी विनंती केली, आणि त्याने ती खडूने घातली. मी भ्रमणध्वनी खिशातून काढेपर्यंत आतून कोणीतरी ओला बोळा घेऊन फळा पुसायला आला. “बाबा, मी काढला फोटो,” असे मुलगी मागून म्हणाली. त्या संपूर्ण प्रकरणात आमच्याकडे जमा झालेला एकमेव पुरावा तो आहे, आणि विमान कंपनीने तो मान्य केला. बोट कंपनीने मान्य केला नाही.

तिसऱ्या पहाटे बावटा उतरला आणि सरकारी बोट सुटणार असल्याचे कळले. आम्ही चार वाजता रांगेत उभे राहिलो. रुग्णांना आणि बेटावरच्या रहिवाशांना आधी जागा मिळाली, आणि ते योग्यच होते. माझ्यापुढे एका वृद्ध बाईंना खुर्चीसकट उचलून आत नेले, तेव्हा माझ्या परताव्याची मलाच थोडी लाज वाटली. खाजगी बोटीहून तासभर जास्त लागला आणि पत्नीने तो सगळा वेळ कठड्याला धरून काढला, तरी इतका सुखाचा प्रवास मी क्वचितच केला असेल. मळमळीची गोळी बोटीत बसण्यापूर्वी अर्धा तास घ्यायची असते. लाटा सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात राहत नाही, एवढे इथेच सांगून ठेवतो.

तिकिटे, ओळखपत्रे आणि हॉटेलची पावती यांच्या छापील प्रती जवळ ठेवाव्यात. परतण्याच्या दोन दिवस आधीपासून हवामान खात्याने मच्छीमारांना दिलेला इशारा रोज पाहावा. त्यांना समुद्रात जाऊ नका असे सांगितलेले असेल, तर पर्यटकांची बोट सुटेल अशा भ्रमात राहू नये, आणि बेटावरून एक दिवस आधीच निघावे. तिथे घड्याळ आपलेच असले तरी सूर्य पुष्कळ पूर्वेचा आहे. हिवाळ्यात संध्याकाळी पाच-सव्वापाचला सूर्यास्त होतो, त्यामुळे ‘चहा घेऊन निघू’ म्हणणाऱ्याला राधानगरचा सूर्यास्त दिसत नाही. नील बेटावरची खडकाची नैसर्गिक कमान ओहोटीलाच नीट पाहता येते आणि ओहोटीची वेळ रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते, म्हणून त्या बेटाचा दिवस भरती-ओहोटीचा तक्ता पाहून ठरवावा. हे सारे आम्हाला जाण्याआधी सुचले असते, तर या लेखाची गरज पडली नसती.

आता महिन्याविषयी. फेब्रुवारी आणि मार्च हे तिथले सर्वांत कोरडे महिने. वारा पडलेला असतो, पाणी नितळ असल्यामुळे प्रवाळ चांगले दिसतात आणि नववर्षाची गर्दी ओसरलेली असते. जानेवारीही चांगला, परंतु २०१९ च्या पहिल्याच आठवड्यात ‘पाबुक’ हे वादळ थायलंड ओलांडून अंदमानच्या समुद्रात उतरले होते, त्यामुळे त्या महिन्यावरही मी डोळे मिटून विश्वास ठेवणार नाही. अडचण एवढीच की फेब्रुवारी-मार्चमध्ये शाळेला सुट्टी नसते आणि परीक्षा मात्र असतात. आम्ही पुढच्या वर्षी परीक्षा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी निघणार आहोत. आधी स्वराज द्वीप, मग नील, म्हणजे आताचे शहीद द्वीप, आणि अखेरच्या दोन रात्री पोर्ट ब्लेअरला. सेल्युलर जेल आम्ही मुद्दाम शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवले आहे. बोट एक दिवस उशिरा निघाली, तरी ते पाहायला दुसरा दिवस हाताशी राहील.

बोट कंपनीचा परतावा चार महिन्यांनी आला, रद्दीकरण शुल्क वजा करून. सोबतच्या पत्रात कारण दिले आहे: ‘प्रवाशाने स्वतःहून रद्द केले’.