काहीच न करण्याचे पैसे

"म्हणजे काहीच न करण्याचे पैसे? मस्त आहे की!"

मित्र हसत म्हणाला आणि विषय बदलला. मी मात्र दिवसभर तिथेच अडकलोय.

सांगत होतो केनियातल्या कितेंगेलाबद्दल. नैरोबी नॅशनल पार्कला तीन बाजूंनी कुंपण, फक्त दक्षिण मोकळी. पावसाळ्यात झेब्रे, विल्डबीस्ट तिथून बाहेर कितेंगेलात चरायला जातात आणि ती जमीन असते गुरं पाळणाऱ्या मासाई कुटुंबांची. २००० साली तिथे योजना आली: कुंपण घालू नका, जमीन विकू नका, खाणी खोदू नका. बदल्यात एकरी वर्षाला ४ डॉलर.

काहीच न करणं? शहर वेशीवर आलंय, जमिनीला भाव आलाय, रात्री सिंह येऊन शेळी नेतो, आणि तरी माणसाने तार ओढायची नाही. करून बघा म्हणावं.

मला भावलं ते हप्त्यांचं वेळापत्रक. वर्षातून तीनदा, शाळेची सत्रं सुरू व्हायच्या सुमाराला. झेब्रा चरतो त्या गवतावर पोरांची फी! (४ डॉलर फारच कमी, हे मलाही कळतं. प्लॉट पाडून विकणाऱ्यापुढे ते किती टिकणार?)

गंमत म्हणजे याच मित्राने फ्लॅट घेताना जास्तीचे पैसे मोजले होते. का, तर समोरची जागा मोकळी राहणार होती.

ते पैसे कशाचे होते रे मग?